लाईव्ह गिगला पहिल्यांदाच जाताय? तिकिटापासून शेवटच्या लोकलपर्यंत सगळं समजून घ्या

तिकिटावर लिहिलेलं असतं, 'डोअर्स : रात्री ८'. आठला बरोबर पोहोचलात तर हॉल अर्धा रिकामा असतो, स्टेजवर कुणीतरी वायरी ओढत असतं आणि ज्याच्यासाठी आलात तो बँड साडेनऊशिवाय दिसत नाही. उशिरा गेलात तर मागच्या खांबाआड जागा मिळते. शो संपतो तेव्हा बारा वाजत आलेले असतात आणि कल्याणला जाणारी शेवटची लोकल डोळ्यांसमोर नाचायला लागते.

स्टेडियममधल्या मोठ्या कॉन्सर्टबद्दल सोशल मीडियावर भरपूर माहिती मिळते. पण मोठ्या शहरातलं खरं संगीत बहुतेक वेळा मधल्या आकाराच्या जागांमध्ये घडतं. तिथे जायचं कसं, काय न्यायचं, कुठे उभं राहायचं आणि सुखरूप घरी कसं यायचं, हे मुंबईच्या उदाहरणावरून समजून घेऊ.

मधल्या आकाराची जागा म्हणजे नेमकी कोणती?

याची कुठली सरकारी व्याख्या नाही. ढोबळमानाने सांगायचं तर कॅफेच्या कोपऱ्यातल्या पन्नास-साठ लोकांच्या कार्यक्रमापेक्षा मोठी आणि हजारोंच्या मैदानापेक्षा लहान. म्हणजे तीनशे ते हजार-बाराशे माणसं मावतील अशी.

मुंबईत यात दोन प्रकार दिसतात. पहिला, खुर्च्या असलेली सभागृहं. नरिमन पॉईंटला एनसीपीएमधलं टाटा थिएटर १९८० मध्ये सुरू झालं. तिथे साधारण हजार लोक बसतात. अमेरिकन वास्तुविशारद फिलिप जॉन्सन यांनी त्याचा आराखडा केला. पंख्यासारख्या पसरलेल्या रचनेमुळे मागच्या रांगेतला श्रोताही कलाकारापासून फार लांब पडत नाही. गिरगावजवळचं रॉयल ऑपेरा हाऊस त्याहून लहान आणि बरंच जुनं. १९११ मध्ये राजे पंचम जॉर्ज यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं तेव्हा इमारतीचं काम संपलेलंही नव्हतं. पुढे तिथे नाटकं झाली, सिनेमे लागले, १९९३ मध्ये पडदा पडला आणि मोठ्या डागडुजीनंतर २०१६ मध्ये दारं पुन्हा उघडली.

दुसरा प्रकार म्हणजे उभं राहून ऐकायचे क्लब. इथे स्टेज, समोर मोकळी जमीन, बाजूला बार आणि मागे साऊंडवाल्याचं टेबल असतं. 'गिग' हा शब्द बहुतेक वेळा याच जागांसाठी वापरला जातो.

गिरण्यांच्या आवारात गिटार कुठून आली?

मुंबईतले बरेच क्लब लोअर परळ आणि महालक्ष्मीच्या आसपास का आहेत, याचं उत्तर गिरणगावात आहे. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. मोठाली आवारं, उंच छपरं आणि मध्ये खांब कमी असलेल्या शेड रिकाम्या राहिल्या. पुढे त्यांत ऑफिसं आली, मॉल आले, रेस्टॉरंट आली आणि संगीतही आलं.

मथुरादास मिल कंपाऊंडमध्ये २००७ मध्ये सुरू झालेल्या 'ब्लू फ्रॉग'ने मुंबईत लाईव्ह संगीतासाठी खास बांधलेला क्लब कसा असू शकतो ते दाखवलं. २०१६ मध्ये तो बंद झाला. पण पार्श्वभूमीला कुणीतरी वाजवतंय असं न राहता लोक केवळ बँड ऐकायला तिकीट काढून येतात, ही सवय तिथे अनेकांना लागली.

याच गिरणगावात एकेकाळी भजनी मंडळं, तमाशाचे फड आणि शाहिरांचे जलसे रंगायचे. त्यामुळे इथे गाणं नवं नाही. ऐकणारे आणि तिकिटाचे दर मात्र बदलले.

तिकीट काढण्याआधी काय वाचायचं?

किंमत पाहून थेट पैसे भरण्याआधी खालच्या पाच गोष्टी तपासा.

१. उभं की बसून? 'स्टँडिंग' लिहिलं असेल तर खुर्ची मिळणार नाही. आई-बाबांना घेऊन जाणार असाल किंवा गुडघे दुखत असतील तर आधी फोन करून विचारा. व्हीलचेअरसाठी सोय आहे का, हेही आधीच विचारलेलं बरं.

२. वय. महाराष्ट्रात बिअर आणि वाईनसाठी किमान वय २१, तर इतर मद्यासाठी २५ आहे. बार असलेले अनेक क्लब म्हणूनच २१ वर्षांखालच्यांना आत घेत नाहीत, मग तुम्ही फक्त लिंबूपाणी पिणार असलात तरी. सरकारी ओळखपत्र जवळ ठेवा. दारावरच्या माणसाशी वाद घालून उपयोग नाही, कारण नियम मोडला तर परवाना जागेचा जातो.

३. कव्हर चार्ज. काही ठिकाणी प्रवेशाचे पैसे खाण्यापिण्याच्या बिलातून वळते होतात, काही ठिकाणी होत नाहीत. 'फुल कव्हर' म्हणजे सगळी रक्कम वळती होणार. 'एंट्री' म्हणजे साधारणपणे फक्त आत जाण्याचे पैसे. शंका असेल तर दारावरच विचारा, बिल आल्यावर नको.

४. कर आणि शुल्क. संगीत कार्यक्रमाचं तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही, त्यावर गेलं की १८ टक्के लागतो. शिवाय तिकीट विकणारं ॲप स्वतःचं शुल्क लावतं. म्हणून शेवटच्या पानावरची रक्कम पाहूनच मित्रांना आकडा सांगा. आतल्या बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप जोडलेला दिसला तर तो काढायला सांगता येतो. तो ऐच्छिक आहे, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं.

५. पुन्हा प्रवेश. 'नो री-एंट्री' असेल तर एकदा बाहेर पडलात की तिकीट संपलं. मग जेवण आधी उरका, गाडीतली वस्तू आधीच काढून घ्या.

आणखी एक. तिकिटाचा क्यूआर कोड असलेला फोटो स्टोरीला टाकू नका. तो दुसऱ्या कुणी स्कॅन करून आत गेलं तर दारावर तुमचाच कोड 'वापरलेला' दाखवेल. कोडचा स्क्रीनशॉट मात्र स्वतःजवळ ठेवा, कारण दाराशी गर्दीत नेटवर्क हमखास दगा देतं.

'डोअर्स' आणि 'शो' यात फरक काय?

'डोअर्स' म्हणजे दार उघडायची वेळ. संगीत साधारण पाऊण तास ते तासाभराने सुरू होतं. आधी एखादा नवखा बँड किंवा गायक अर्धा-पाऊण तास वाजवतो. त्याला ओपनिंग अ‍ॅक्ट म्हणतात. मग पंधरा-वीस मिनिटं स्टेजवरचं सामान बदलतं आणि त्यानंतर मुख्य कलाकार येतो.

ओपनिंग अ‍ॅक्ट चुकवू नका. आज ज्यांची तिकिटं मिनिटांत संपतात, तेही कधीतरी अशाच अर्ध्या रिकाम्या हॉलसमोर वाजवत होते. शिवाय तेव्हा पुढे जागा असते आणि बारवर रांगही नसते.

काय घालायचं, काय न्यायचं?

पायात बंद बूट हवेत. तीन तास उभं राहायचं असतं, जमिनीवर काहीतरी सांडलेलं असतं आणि अंधारात पायावर पाय पडतोच. कपडे सुती असावेत, कारण एसी कितीही असला तरी पाचशे माणसं एकत्र आली की उकडतं. जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर ओल्या छत्रीचं काय करायचं हे आधी ठरवा. बऱ्याच ठिकाणी छत्री दारातच ठेवावी लागते, म्हणून घडी करून खिशात मावणारा रेनकोट सोयीचा.

मोठी सॅक टाळा. लॅपटॉप घेऊन ऑफिसमधून थेट जाणाऱ्यांची इथेच पंचाईत होते, कारण सामान ठेवायची सोय सगळीकडे नसते. फोन, थोडी रोकड, ओळखपत्र, पॉवर बँक आणि इअरप्लग एवढं पुरे.

उभं कुठे राहायचं?

पहिल्यांदा जाणारे सरळ स्टेजला चिकटतात. कलाकार जवळून दिसतो, पण आवाज तिथे सर्वात चांगला नसतो. स्टेजसमोर अगदी जवळ ड्रम आणि गिटारचे अ‍ॅम्प थेट ऐकू येतात, तर गायकाचा आवाज बाजूच्या मोठ्या स्पीकरमधून तुमच्या डोक्यावरून पुढे जातो. म्हणून शब्द कळत नाहीत.

सर्वात चांगला आवाज हवा असेल तर साऊंड इंजिनिअरचं टेबल शोधा. ते बहुधा हॉलच्या मध्यावर किंवा थोडं मागे असतं. तो माणूस आपल्या कानांना जे ऐकू येतं त्यावरून सगळा आवाज जुळवत असतो, म्हणून त्याच्याच आसपास उभं राहा.

दोन जागा टाळा. एक, स्पीकरच्या अगदी समोरची. दुसरी, भिंतीचा कोपरा. खालच्या पट्टीतले आवाज, म्हणजे बेस, कोपऱ्यात साठतात आणि गाणं गढूळ ऐकू येतं. रिकाम्या हॉलमध्ये घुमणारा आवाज लोक भरल्यावर सुधारतो, कारण माणसांची शरीरं आणि कपडे आवाज शोषून घेतात.

कानांचं काय?

या लेखातला सर्वात महत्त्वाचा भाग हाच. आपल्या प्रत्येक कानाच्या आत साधारण १५ हजार सूक्ष्म केशपेशी असतात. त्या आवाजाचं कंपन मेंदूपर्यंत पोहोचवतात. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

किती आवाज किती वेळ चालतो, याचं अमेरिकेतल्या 'नायॉश' या संस्थेने कामगारांसाठी ठरवलेलं एक गणित आहे. ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला ४ तास, ९४ ला १ तास आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. क्लबमधला आवाज १०० च्या आसपास सहज जातो आणि तुम्ही तिथे तीन तास असता.

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये संगीताच्या जागांसाठी एक मानक जाहीर केलं. त्यानुसार सरासरी आवाज १०० डेसिबलवर जाऊ नये, तो सतत मोजला जावा, श्रोत्यांना कानात घालायची साधनं मिळावीत आणि कान टेकवायला एखादी शांत जागा असावी. हे पाळणं ऐच्छिक आहे. त्यामुळे तुमच्या कानांची काळजी शेवटी तुम्हालाच घ्यायची आहे.

उपाय अवघड नाही. संगीतकार वापरतात तसे इअरप्लग ऑनलाईन मिळतात. साध्या फोमच्या प्लगने सगळं दबल्यासारखं ऐकू येतं. संगीतासाठीचे प्लग सगळे सूर साधारण सारखेच खाली आणतात, त्यामुळे गाणं तेच राहतं, फक्त आवाज कमी होतो. १०० डेसिबलचा आवाज १५ ने खाली आला, तर वरच्या गणितानुसार १५ मिनिटांचे ८ तास होतात. त्यासाठी प्लग कानात नीट बसलेला हवा, हे वेगळं सांगायला नको. लहान मुलांना नेणार असाल तर त्यांच्यासाठी कान झाकणारे इअरमफ घ्याच.

दर अर्ध्या-पाऊण तासाने पाच-दहा मिनिटं बाहेरच्या पॅसेजमध्ये उभं राहिलात तरी कानांना विसावा मिळतो. घरी आल्यावर कानात शिटी वाजल्यासारखं होत असेल किंवा कापूस घातल्यासारखं वाटत असेल, तर आवाज जास्त झाला होता असं समजा. बहुतेकदा ते एक-दोन दिवसांत जातं. गेलं नाही, किंवा एका कानाने अचानक कमी ऐकू यायला लागलं, तर 'बघू पुढच्या आठवड्यात' असं न म्हणता लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा.

आत शिरल्यावर पहिलं काम कोणतं?

सेल्फी नाही, बारही नाही. पहिलं काम म्हणजे बाहेर पडायचा दुसरा रस्ता शोधणं.

२९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या पबला आग लागली आणि १४ जणांचा जीव गेला. बहुतेकांचा मृत्यू धुराने गुदमरून झाला. जीव वाचवण्यासाठी अनेक जण स्वच्छतागृहाकडे धावले होते, पण तिथून बाहेर पडायला वाट नव्हती.

अशा वेळी माणूस आला त्याच दाराकडे धावतो, आणि सगळेच तिथे धावतात. म्हणून शांतपणे एवढं करा. 'एक्झिट'ची हिरवी पाटी कुठे आहे ते बघा. त्या दारासमोर खुर्च्या किंवा खोकी रचलेली नाहीत ना, दाराला कुलूप नाही ना, याकडे नजर टाका. असेल तर तिथल्या कर्मचाऱ्याला सांगा. ऐकलं नाही तर तिथे थांबायचं का, हा निर्णय तुमचा. सोबतच्या मित्रांशी हुकलो तर कुठे भेटायचं, तेही ठरवा, कारण आत फोन लागेलच असं नाही.

पुढच्या भागात गर्दी फार दाटली आणि छाती दाबल्यासारखी वाटली तर दोन्ही हात छातीसमोर धरा आणि गाणं संपताच तिरपं चालत कडेला या. कुणी पडलं तर आधी त्याला उचला, व्हिडिओ नंतर. कुणी नको तिथे हात लावत असेल, मागे लागत असेल, तर बाउन्सर किंवा बारवरच्या माणसाला लगेच सांगा. शेजारी असं काही घडताना दिसलं तर 'आपल्याला काय त्याचं' म्हणू नका. आणीबाणीत ११२ हा क्रमांक आहेच.

फोन काढायचा की नाही?

एखाद्या गाण्याचा तुकडा रेकॉर्ड करायला बहुतेक ठिकाणी कुणाची हरकत नसते. पण फोन डोक्याच्या वर धरून पूर्ण शो रेकॉर्ड केला तर मागचे तीस जण स्टेजऐवजी तुमची स्क्रीन बघतात. फोन छातीच्या उंचीवर ठेवा, ब्राइटनेस कमी करा, फ्लॅश बंद ठेवा. सभागृहात रेकॉर्डिंगला बंदी असू शकते, ती घोषणा ऐका.

गप्पांचंही तसंच. जोरात वाजणाऱ्या गाण्यात बोललेलं चालून जातं. पण गायक एकटा गिटार घेऊन हळू आवाजात गात असेल तेव्हा बारवरचे गप्पिष्ट सगळ्या हॉलला ऐकू येतात, स्टेजवरच्यालाही.

शास्त्रीय मैफलीचे नियम वेगळे आहेत का?

हो. टाटा थिएटरसारख्या सभागृहात वेळ पाळली जाते आणि उशीर झाला तर मध्येच सोडतील असं नाही. तानपुरे जुळवले जात असताना गप्पा मारू नका, कारण तेव्हा कलाकार सूर ऐकत असतो. राग सुरू असताना उठायचं नाही. जायचंच असेल तर एक बंदिश संपून दुसरी सुरू होण्याच्या मधल्या वेळेत निघायचं. समेवर आलेली दाद, एखादं 'क्या बात है', चालतं, किंबहुना हवंच असतं. आपण ताल देतोय म्हणून मांडीवर जोरजोरात थाप मारणं शेजाऱ्याला नको असतं.

दहा वाजले की गाणं बंद का होतं?

सगळीकडे होत नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. बंदिस्त सभागृहांना यातून सूट आहे. सणासुदीला आणि सांस्कृतिक कार्यक्रमांना वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत परवानगी देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. म्हणून गच्चीवरचा किंवा हिरवळीवरचा शो दहाला संपतो आणि बंद हॉलमधला पुढे चालू राहतो. शो उघड्यावर असेल तर मुख्य कलाकार लवकर येणार हे लक्षात ठेवा आणि वेळेवर पोहोचा.

परत कसं यायचं?

जातानाच परतीचं ठरवा. मेट्रो लोकलच्या बरीच आधी थांबते. लोकल मध्यरात्रीनंतर कमी होत जातात आणि साधारण एक ते चार या वेळेत जवळपास नसतातच. तुमच्या मार्गावरची शेवटची गाडी किती वाजता सुटते, ते त्या दिवशीच्या वेळापत्रकात बघा. रविवारी रात्री जाणार असाल तर मेगाब्लॉकची बातमीही वाचा.

लोअर परळच्या क्लबांना एक फायदा आहे. पश्चिम रेल्वेचं लोअर परळ आणि मध्य रेल्वेचं करी रोड ही दोन्ही स्टेशनं चालण्याच्या अंतरावर आहेत. रॉयल ऑपेरा हाऊसला चर्नी रोड आणि ग्रँट रोड जवळ. एनसीपीए मात्र नरिमन पॉईंटच्या टोकाला आहे. तिथून चर्चगेटपर्यंत चालायला किंवा टॅक्सी मिळायला लागणारा वेळ हिशेबात धरा.

शो सुटल्या सुटल्या सगळे एकाच वेळी ॲपवर गाडी शोधतात आणि भाडं दुप्पट दिसतं. दहा मिनिटं थांबा किंवा मुख्य रस्त्यापर्यंत चालत जा. एकट्याने जात असाल तर लाईव्ह लोकेशन घरच्या कुणाला तरी पाठवा. आणि प्यायला असाल तर गाडीला हात लावू नका.

तुमच्या पैशांतलं कलाकाराला काय मिळतं?

तिकिटाच्या पैशांतून जागेचं भाडं, साऊंड, लाईट, कर्मचारी आणि परवाने हे सगळं निघतं. दुसऱ्यांची गाणी वाजत असतील तर गीतकार-संगीतकारांच्या हक्कांसाठी आयपीआरएससारख्या संस्थेचा परवानाही लागतो. त्यातून उरलेलं बँडच्या चार-पाच जणांत वाटलं जातं.

म्हणून आवडलेल्या बँडला मदत करायची असेल तर दारावर 'पास मिळेल का' असं विचारण्याऐवजी तिकीट काढा. बाहेर पडताना टेबलावर टी-शर्ट किंवा रेकॉर्ड ठेवलेल्या असतील तर एखादी घ्या, कारण तिथले पैसे बहुतेकदा थेट कलाकाराकडे जातात. आणि स्टोरी टाकलीत तर फक्त मुख्य कलाकारालाच नाही, सुरुवातीला वाजवून गेलेल्या त्या नव्या पोरांनाही टॅग करा. त्यांचा पुढचा शो कधीकधी त्यावरच ठरतो.